मळाची लाज, बहिरेपणाची नाही

एसटी स्टँडच्या बाकावर बसलेला माणूस पाच मिनिटे रिकामा राहिला की त्याचे बोट कानात जाते. बोटाने भागत नसेल तर खिशातून मोटारसायकलची किल्ली निघते, ती जाड पडली तर आगपेटीतली काडी. बायकांजवळ केसांचा आकडा असतो, सेफ्टी पिन असते. शाळकरी पोरांजवळ पेनाचे टोपण असते. शिकल्यासवरलेल्यांजवळ टोकाला कापूस गुंडाळलेली काडी असते आणि आपले चालले आहे ते शास्त्रशुद्ध आहे असा समजही असतो. डोळे मिटून, मान तिरकी करून, तोंड अर्धवट उघडे टाकून हा विधी चारचौघांत चालतो आणि आपण त्याला स्वच्छता म्हणतो. हा नुसता अडाणीपणा असता तर हसून सोडून देता आला असता. पण याच माणसाच्या घरी मुलाचा कान पावसाळ्यापासून वाहतो आहे. याची आई दिवसेंदिवस बहिरी होत चालली आहे आणि घरात तिला कोणी दोनदा सांगत नाही. आणि हाच माणूस गणपतीत स्पीकरच्या भिंतीपुढे लेकराला खांद्यावर घेऊन नाचणार आहे. तिकडे त्याचे बोट जात नाही. त्याला लाज वाटते ती फक्त मळाची.

आधी त्या मळाचे पाहू. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या ग्रंथी हा मेणचट पदार्थ तयार करतात. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी मुरू देत नाही, जंतू आणि बुरशीला अटकाव करतो, धूळ स्वतःला चिकटवून घेतो. पडद्यावरची त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते, साधारण नख वाढते त्या गतीने. बोलताना, चावताना जबडा हलतो आणि वाळलेला मळ आपोआप दाराशी येऊन पडतो. आंघोळीनंतर टॉवेलचे टोक बाहेरून फिरवले की बहुतेकांच्या कानाची स्वच्छता तिथे संपली. आपण काडी उचलतो ते काम शरीराने आधीच चालू ठेवलेले असते. काडी घातली की थोडा मळ बाहेर येतो आणि उरलेला, तोफेत दारू ठासावी तसा, पडद्यापर्यंत ठासला जातो. नळीची त्वचा खरवडली जाते, कोरडी पडते, खाजते. खाजते म्हणून पुन्हा काडी जाते. त्यातच शेजारच्याचा धक्का लागला तर पडदा फाटतो, आणि एसटीच्या बाकावर धक्का देणाऱ्यांची वानवा नसते.

काहींचा मळ कडक होऊन साठतो हे खरे. म्हाताऱ्यांत आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांत हे जास्त दिसते. कानाला दडा बसतो, आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. त्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मळ मऊ करणारे थेंब आहेत, तो ओढून काढण्याची साधने आहेत आणि मुख्य म्हणजे आत प्रकाश टाकून बघणारा डोळा आहे. किल्ली घालणाऱ्याकडे यांतले काहीच नसते. आता तर कॅमेरा लावलेली कानकोरणीही घरपोच मिळते. मोबाइलवर स्वतःचा कान बघत तो उकरायची सोय झाली, म्हणजे अडाणीपणाला उजेड मिळाला.

कापसाची काडी ही १९२०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आलेली वस्तू. तिच्या पाकिटावरच कंपन्या छापतात की ही नळीच्या आत घालू नका. आपण पाकीट फाडून सूचना केराच्या डब्यात टाकतो आणि काडी कानात. १ जुलै २०२२ पासून देशात प्लास्टिकच्या दांडीच्या अशा काड्यांवर बंदी आली, कारण त्या कुजत नाहीत, गटारे तुंबवतात. बंदी योग्यच होती. दांडी कागदाची, बांबूची झाली आणि गटारांचा प्रश्न थोडा हलका झाला. कानाच्या नळीसाठी मात्र कोणी अधिसूचना काढली नाही, आणि काढली असती तरी आपण ती पाळली नसती.

तेलाची गोष्ट याहून जुनी आणि याहून हट्टी. बाळाला न्हाऊ घातले की टाळूवर तेल, बेंबीत तेल आणि कानात तेल. मग कानात फुंकर. जरा मोठे झाले आणि कान ठणकला की लसणाची पाकळी टाकून कडवलेले तेल, नाहीतर कुठल्या तरी पाल्याचा रस. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळी दमट हवेत तेलाने माखलेल्या नळीत बुरशी मजेत वाढते, आणि त्या दिवसांत कानाच्या डॉक्टरांकडे कान खाजतो, भरून आल्यासारखा वाटतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. पडद्याला भोक असेल तर तेच तेल आपल्याबरोबर जंतू घेऊन मधल्या कानात उतरते. कानात किडा शिरला आणि तो आत फडफडू लागला, तर तेलाचे दोन थेंब टाकून त्याला मारून मग डॉक्टर गाठणे, ही गोष्ट वेगळी. आयुर्वेदात कर्णपूरण सांगितले आहे असे कोणी मला सुनावेल. वैद्याने कान पाहून, कारण ठरवून करायचा तो उपचार आणि झोपलेल्या पोराच्या कानात स्वयंपाकघरातली पळी उपडी करणे, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने आयुर्वेदाचे नाव घेऊ नये. आणि यात आजीला दोष देऊन मोकळे होण्यात अर्थ नाही. तिला कोणी शिकवलेच नाही. दोष तिच्या पदवीधर मुलाचा आहे. तो दवाखान्यात डॉक्टरांपुढे मान डोलावतो आणि घरी येऊन म्हणतो, "आई म्हणतेय तर घाल थोडं, त्यानं काय होतंय?"

जत्रेत, चौपाटीवर, रेल्वे स्टेशनाबाहेर कान साफ करणारे फिरतात. एक लांब सळई, एक चिमटा, कापसाचे बोळे आणि एका बाटलीत कसले तरी औषध. गिऱ्हाइकाच्या कानातून ते हरभऱ्याएवढा खडा काढून तळहातावर ठेवतात. तो खडा कानात होता की त्यांच्या बोटांच्या बेचक्यात, हे विचारायचे भान गिऱ्हाइकाला नसते. ते पोटासाठी करतात, त्यांच्यावर माझा राग नाही. मला नवल वाटते ते गिऱ्हाइकाचे. घरी मोलकरणीचा कप वेगळा ठेवणारा हा गृहस्थ, शंभर अनोळखी कानांत फिरून आलेली सळई स्वतःच्या कानात घालून घेताना कशाचाच विटाळ मानत नाही.

आपल्या स्वच्छतेचे मूळच तसे आहे. ती शरीराची कधी नव्हती, सोवळ्याची होती. उजव्या कानाला नुसता हात लावला तरी आचमन केल्याचे पुण्य मिळते असे आपल्या आचारधर्मात मानतात. लघुशंकेला जाताना जानवे चढते तेही त्याच कानावर. एवढा पवित्र कान, आणि त्याच परंपरेतल्या गौतम धर्मसूत्राने वेद कानावर पडलेल्या शूद्राच्या कानात वितळवलेले कथील आणि लाख ओतावी असे लिहून ठेवले. ही शिक्षा किती जणांना झाली याचा वाद विद्वानांनी घालावा. ती लिहिताना हात थरथरला नाही, एवढे मला पुरे आहे. कानावाटे ज्ञान आत जाते हे त्या सूत्रकाराला नीट ठाऊक होते, म्हणून तर ती वाट बुजवण्याची तजवीज त्याने केली. आज कोणी कथील ओतत नाही. तशी गरजही उरलेली नाही. झोपडीतल्या, पाड्यावरच्या, ऊसतोडीच्या तळावरच्या पोराची तीच वाट पुवाने बुजते आणि आपण म्हणतो, "लहानपणी कान फुटतोच, मोठा झाला की जातो."

जात नाही. हे नीट समजून घ्या, कारण याच एका वाक्याने आपल्याकडे कितीतरी मुले बहिरी केली आहेत. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दी झाली की नाकातले जंतू सहज वर चढतात. बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजण्याची सवयही त्यांना मदत करते. पडद्याच्या मागे पू साठतो, दाब वाढतो, मूल रात्रभर कळवळते. मग पडदा फाटतो, पू बाहेर येतो आणि ठणका थांबतो. मूल शांत झोपते. घरचे समजतात की बरे झाले. खरे दुखणे इथून पुढे सुरू होते. भोक भरून आले तर ठीक. नाही भरले तर दर सर्दीला, दर वेळी तळ्यात पोहल्यावर कान वाहू लागतो. घरचे कापसाचा बोळा कोंबतात, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणतात. काही मुलांत पडद्याजवळची त्वचा आत वाढत जाते आणि आसपासचे हाड खाऊ लागते. ऐकू येण्यासाठी आपल्या कानात तीन नखाएवढी हाडे आहेत, हातोडा, ऐरण आणि रिकीब. आधी ती जातात. पुढे चेहऱ्याची नस सापडते आणि तोंड वाकडे होते. त्याहीपुढे मेंदूला सूज किंवा मेंदूत पू. कानातून येणाऱ्या स्रावाला कुबट वास असेल, तो औषधाने थांबत नसेल, तर एक दिवसही घरी बसू नये. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की बालपणातल्या बहिरेपणापैकी ६० टक्के टाळता येण्याजोगे आहे. म्हणजे शंभरातली साठ मुले देवाने बहिरी केलेली नाहीत. ती आपण केली.

असे मूल शाळेत काय भोगते? कानाला वास येतो म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवतात. मागच्या बाकावर फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या गुरुजींचे त्याला अर्धेच ऐकू येते. विचारले ते कळत नाही, उत्तर चुकते, पोरे हसतात, आणि दोन वर्षांत ते मूल 'ढ' ठरते. गुरुजींचा संयम संपला की मग कानाखाली. हा आपला राष्ट्रीय शिक्षणोपचार. थोबाडीत देणाऱ्याचा पंजा कानावर सपाट बसला की नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटतो. कानाच्या डॉक्टरांना हे फाटलेले पडदे नवे नाहीत. काही शाळेत फाटलेले, काही पोलीस चौकीत, आणि पुष्कळसे नवऱ्याच्या हाताने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारण्यास मनाई केली आहे. त्या कलमावर सर्वांत मोठा आक्षेप कोणाचा असेल तर पालकांचा. "सर, ऐकलं नाही तर द्या दोन," असे सांगून ते मुलाला शाळेत सोडतात. मूल ऐकत नाही की त्याला ऐकू येत नाही, हे तपासून बघावे असे वर्गात, घरात, चौकीत कुणालाच वाटत नाही.

जन्मतः बहिरेपण घेऊन येणाऱ्या मुलांची कथा आणखी लाजिरवाणी आहे. मामाची मुलगी करून आणायची, आणि दक्षिण महाराष्ट्रात काही समाजांत तर मामानेच भाची करायची, हा आपला जुना जिव्हाळा. त्यात जमीन घरात राहते, मान राहतो. जवळच्या नात्यातल्या लग्नांत आनुवंशिक बहिरेपणाचा धोका वाढतो हे वैद्यकशास्त्र कधीचे सांगते आहे. पण मूल बहिरे निघाले की बोलणी खाते सून. तिने ग्रहण पाळले नाही, तिने अमुक खाल्ले. नवजात बाळाच्या कानाची तपासणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे, कारण भाषा शिकण्याचे वय कोणासाठी थांबत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, त्यात ऐकण्याची तपासणी आहे. वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी उभी आहे. कर्णबधिर मुलांसाठी देशातली पहिली शाळा मुंबईत १८८५ सालीच निघाली होती. बारशाला मांडव घालणारे आपण. आपल्यातले किती जण बारशाआधी विचारतात की बाळाचे कान तपासले का? बाळ दोन वर्षांचे होऊन बोलत नाही तेव्हा शेजारी समजूत घालतात की मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही असाच होता. त्या समजुतीत मुलाची सोन्यासारखी वर्षे जातात.

आणि यंत्राची लाज! डोळ्यांवर चष्मा आला तर माणूस विद्वान दिसतो. कानावर यंत्र आले की तो बहिरट. मुलीला यंत्र लागले तर ते केसांखाली झाकायचे, बघायला पाहुणे आले की काढूनच ठेवायचे. मग पाहुण्यांचा प्रश्न तिला ऐकू येत नाही आणि पोरगी मठ्ठ आहे असा निरोप येतो. आजोबांना यंत्र घेऊन देणे म्हणजे वायफळ खर्च, त्यांना आता काय ऐकायचे आहे? असे म्हणणाऱ्याच्या घरी लग्नात हळदीच्या रात्रीच्या डीजेला पैसे कमी पडलेले मी पाहिले नाहीत.

कानाला खरी इजा करणारा कचरा मळाचा नव्हे, आवाजाचा आहे. आतल्या शंखाकृती भागात प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाज तीन डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, हे गणित बहुतेकांना माहीत नसते, म्हणून ८५ आणि १०० यांत पंधराचाच तर फरक असे वाटते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांच्या खात्यांत शिरा. तिथे कामगार ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने येणारे बहिरेपण हा कळवणे बंधनकारक असलेला रोग म्हणून नोंदला गेला. तरी पत्र्याच्या शेडमधल्या मागवाल्याला कानात घालायला साधे बोळे देणारा मालक दाखवा. तो कामगार चाळिशीतच घरी टीव्ही मोठा करून ऐकू लागतो, आणि तो ओरडून का बोलतो असे लोक विचारतात.

कामगार निदान पोटासाठी सोसतो. बाकीचा गोंगाट आपण हौसेने विकत घेतो. १८९३ मध्ये टिळकांनी गणपती चौकात आणला तेव्हा विजेचा ध्वनिवर्धकच जन्मला नव्हता. लोक एकमेकांचे ऐकत होते, म्हणून तो उत्सव उपयोगी पडला. आता पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकीची मुले विसर्जनाच्या रात्री मीटर घेऊन उभी राहतात आणि शंभराच्या घरातले आकडे छापून येतात. मुंबईत सुमैरा अब्दुलाली यांची आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षे हेच मोजते आहे. आणि हे एकट्या गणपतीचे पाप नव्हे. उरूस, नवरात्र, लग्नाची वरात, पुढाऱ्याचा वाढदिवस, कोणीही मागे नाही. ढोलपथके परंपरेचे नाव पुढे करतात, पण परंपरेच्या ढोलाने पडदा हलत नाही असे थोडेच आहे? सर्वांत जास्त दुखते ते जोतीराव आणि बाबासाहेबांच्या जयंतीला. ज्यांनी आम्हाला बोलायला आणि ऐकायला शिकवले त्यांच्या तसबिरीपुढे एवढा गोंगाट, की कोणी त्यांचे एक वाक्य बोलले तरी ऐकू जाणार नाही.

कायदा नाही असे नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सहा ध्वनिवर्धकाला मनाई उचलून धरली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव पोलिसांनी उघड करू नये. हा दुसरा आदेश पुन्हा वाचा. चोराविरुद्ध तक्रार करणाऱ्याला आपण गल्लीत मान देतो. झोप मागणाऱ्याचे नाव मात्र त्याच्याच शेजाऱ्यांपासून न्यायालयाला लपवावे लागते. पोलीस तरी काय करणार? तो बिचारा स्वतःच बारा तास त्या भिंतीशेजारी बंदोबस्ताला उभा असतो, कानात कापूसही न घालता, आणि त्याच्या साहेबाला मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आलेला असतो.

म्हणून पुढच्या वेळी पावतीपुस्तक घेऊन पोरे दाराशी आली की दार लावू नका. वर्गणी द्या, पण कशासाठी ते पावतीवर लिहून घ्या: मूर्तीसाठी, मांडवासाठी, प्रसादासाठी, वाचनालयासाठी. डीजेची सुपारी कोणाला आणि कितीला दिली ते विचारा, आणि त्या खात्यात एक रुपयाही देऊ नका. वस्तीतला आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने वर गेला की तक्रार करण्याचा अधिकार नियमांनीच दिला आहे, हेही त्यांना सांगा. पोरे म्हणतील, "काका, वर्षातून एकच दिवस तर असतो." त्यांना भिंतीपुढे खांद्यावर बसलेल्या लेकराचा हिशेब द्या. १०० डेसिबलला कानाची सुरक्षित वेळ पंधरा मिनिटांत संपते, आणि मिरवणूक चौकातून पुढे सरकायलाच दोन तास लागतात.